सिगारेटचा नवस

मयूर पिंगळे शर्टाच्या आत, पोटाशी, प्लास्टिकची एक छोटी डबी धरून इंदिरानगरच्या बोगद्यात अडकला होता. पुढे टेम्पो, मागे स्कूलबस, डावीकडे भिंत. सिंहस्थाची तयारी म्हणून निम्मं शहर खणून ठेवलेलं, त्यामुळे उरलेलं निम्मं शहर त्या बोगद्यात कोंबलेलं. डबी अर्ध्या तासात, अंगाच्या उबेत, बोगद्यापलीकडच्या लॅबमध्ये पोहोचलीच पाहिजे, असं लॅबच्या बाईंनी बजावलं होतं. डबीत काय होतं ते फोड करून सांगायला नको. लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही की डॉक्टर शेवटी नवऱ्याकडून जे मागतात, तेच होतं.

खरं तर लॅबमध्ये त्यासाठी एक खास खोली होती आणि मयूर आधी तिथेच गेला होता. खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि भिंतीवर एक कॅलेंडर. कॅलेंडरवर बारा महिन्यांची बारा गुबगुबीत बाळं मयूरकडे बघून हसत होती. बाहेरून लॅबचा माणूस थोड्या थोड्या वेळाने दार वाजवून 'झालं का सर?' विचारत होता. अशा वातावरणात माणसाकडून साधी सहीसुद्धा नीट होत नाही. मयूर घामाघूम होऊन रिकामी डबी घेऊन बाहेर आला, तेव्हा बाईंना दया आली आणि घरून आणायची परवानगी मिळाली.

तर बोगद्यात. उजवीकडे एक स्कूटर येऊन टेकली आणि स्कूटरवर नेमके झुंबरराव आहेर निघाले. झुंबरराव म्हणजे मयूरच्या सोसायटीचे चेअरमन. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण चौकशा करण्यातून निवृत्त व्हायचं राहून गेलं होतं. त्यांनी आधी मयूरचा चेहरा पाहिला, मग शर्टात खुपसलेला हात पाहिला.

"पोटात कळ येती का रे?"

याहून चांगली सबब मयूरला सुचलीच नसती. त्याने मान डोलावली. तेवढ्यावर भागलं असतं, पण झुंबररावांनी खिशातून ओव्याची पुडी काढली आणि नेमकं कुठं दुखतंय ते दाबून बघण्यासाठी हात लांबवला. मयूर स्कूटीच्या सीटवर मागे मागे सरकत गेला. स्कूलबसच्या खिडक्यांमधून पोरं ही झटापट मन लावून बघत होती. शेवटी बोगदा सुटला, मयूर लॅबमध्ये पोहोचला, बाईंनी डबी हातात घेतली, घड्याळ पाहिलं आणि उद्या पुन्हा आणा म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडून मऊ खिचडी आली, ताक आलं आणि पोटाला बांधायला एक गरम पाण्याची पिशवी आली. मयूरने सगळं मुकाट्याने खाल्लं, पिशवीही बांधली.

दुसऱ्या दिवशी लॅबचं शटर वर जात असतानाच तो वाकून आत शिरला आणि काम झालं. काम झालं याचा आनंद मात्र रिपोर्ट येईपर्यंतच टिकला. डॉक्टर प्रतिभाबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि नळाचा वायसर झिजलाय हे सांगावं इतक्या शांतपणे सांगितलं की शुक्रजंतूंची संख्या कमी आहे, जे आहेत ते मंद आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा आकारही बरोबर नाही. मयूर अंबडच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू दिवसभर नापास करायच्या हेच त्याचं काम. स्वतः नापास व्हायची त्याला सवय नव्हती.

मग बाईंनी विचारलं, दिवसाला सिगारेटी किती. मयूरने एक आकडा सांगितला. शेजारी बसलेल्या निकिताने त्याची दुप्पट केली. निकिता शाळेत गणित शिकवते.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. धुरातलं विष रक्तातून तिथपर्यंत पोहोचतं आणि जंतूंची संख्या, चाल, आतलं बीज, सगळंच बिघडवतं. सिगारेटने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, आणि पुरुषाच्या शरीरात या आवळण्याची तक्रार हृदयाच्या किती तरी आधी कुठे सुरू होते, हेही त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. मयूरला गेल्या वर्षभरातल्या काही रात्री आठवल्या. त्यांचं खापर त्याने नाइट शिफ्टवर फोडलं होतं, मिसळीवर फोडलं होतं आणि शेवटी गादीवर फोडून नवी गादीसुद्धा आणली होती. निकिता दवाखान्यातल्या माशांच्या टाकीकडे फार लक्षपूर्वक बघत होती. घरात ओढलेला धूर हिच्याही पोटात जातो आणि हिच्या बीजांडांचंही नुकसान करतो, असं बाई म्हणाल्या, तेव्हा मात्र तिने मान वळवून मयूरकडे पाहिलं.

नवे जंतू तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात, म्हणून तीन महिने सिगारेट बंद, मग पुन्हा तपासणी. हमी नाही, पण बऱ्याच जणांचं सुधारतं. मयूरने अत्यंत नम्रपणे विचारलं की सकाळच्या चहाबरोबर एखादी चालेल का. बाई म्हणाल्या, शून्य. लाइट सिगारेट? शून्य. मयूर क्वालिटीतला माणूस, थोडीफार सूट कुठे तरी बसतेच असा त्याचा अनुभव. इथे बसली नाही.

परतीच्या वाटेवर त्याने निकिताला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सिगारेट आजपासून बंद. दोन, हे रिपोर्टचं कुणाला कळता कामा नये, आईला तर नाहीच.

"मी कुणाला सांगणार?" निकिता म्हणाली. "मला चार वर्षांत कुणी विचारलेलंच नाही. नुसतं सांगितलंय."

ते खोटं नव्हतं. चार वर्षं तपासण्या तिच्याच झाल्या होत्या. मयूरची आई, ललिताबाई, इगतपुरीहून महिन्यातून एकदा पॅसेंजरने डबे घेऊन यायच्या आणि त्या डब्यांत शतावरी कल्प, डिंकाचे लाडू, कसलासा काढा आणि कुणी तरी सांगितलेला एखादा नवा उपास असायचा. लाडू निकिता खायची, उपास निकिता करायची. सोसायटीतल्या बायका तिला लिफ्टशेजारी गाठून डावीकडे वळून झोपायला सांगायच्या. मयूर त्या वेळी गॅलरीत उभा राहून सिगारेट ओढत असायचा, कारण बायकांच्या बोलण्यात पुरुषाने पडू नये असं त्याचं मत होतं.

सकाळी तो नेहमीप्रमाणे गेणूच्या टपरीवर गेला आणि तिथे खरी पंचाईत झाली. गेणू मूळचा सुरगाण्याकडचा, बोलायला कमी आणि गिऱ्हाइकाचा हात ओळखायला पटाईत. मयूर स्कूटीवरून उतरायच्या आत एका हाताने चहा आणि दुसऱ्या हाताने सिगारेट पुढे यायची. मयूरने चहा घेतला आणि सिगारेट परत केली. गेणूला वाटलं ब्रँड चुकला, म्हणून त्याने दुसरी काढली. मयूरने तीही परत केली. टपरीवर कुणी तरी गेल्यासारखी शांतता पसरली. झुंबररावांनी विडी तोंडातून काढली. वरच्या मजल्यावरचा संतोष मोबाइलमधून मान वर करून बघायला लागला, आणि संतोषने मोबाइलमधून मान वर काढणं ही सोपी गोष्ट नव्हे.

"डॉक्टरनी बंद केली का रे?" झुंबररावांनी विचारलं. "पोटाचंच हाय ना आजून?"

आता हो म्हणावं तर कुठला डॉक्टर, कुठला आजार, कुठली गोळी, असं दुपारपर्यंत चाललं असतं. मयूरच्या डोळ्यांपुढे तो रिपोर्ट सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलेला दिसायला लागला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नवस बोललोय. गडावरच्या देवीला."

सप्तशृंगीचं नाव निघाल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे बदलले. झुंबररावांनी विडी पायाखाली विझवली आणि उत्तरेकडे तोंड करून हात जोडले. आपल्याकडे नवसाची एक फार मोठी सोय आहे. अमुक होईपर्यंत चहा सोडला, चप्पल सोडली, गोड सोडलं, असं कुणी म्हणालं की ते का, हे विचारायचं नाही. विचारलं तर नवस हलका होतो. मयूरला आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्याने चहाबरोबर गेणूकडून एक बिस्किट जास्तीचं घेतलं.

विचारायचं नसलं तरी तर्क करायला बंदी नसते, हे तो विसरला होता.

पहिले काही आठवडे त्याला तर्काकडे लक्ष द्यायला फुरसतच नव्हती. सिगारेटशिवाय जगणं हे काम पूर्ण वेळेचं निघालं. त्याने लवंग चघळली, बडीशेप चघळली, एकदा मीटिंगमध्ये पेनाचं टोपण चघळलं आणि ते साहेबांचं निघालं. त्याचं नाक परत आलं, आणि परत आलेल्या नाकाला पहिल्यांदा काय कळलं, तर आपली गॅलरी किती वाईट वास मारते. रात्री भांडण उकरून काढायची तलफ यायची. निकिता तेव्हा वह्या तपासायला बसायची आणि अर्ध्या वह्या त्याच्याकडे सरकवायची. सातवीच्या मुलांचे अपूर्णांक तपासता तपासता त्याचा राग आपोआप मुलांकडे वळायचा. एक दिवस मात्र त्याने बाथरूममध्ये लपवलेली जुनी सिगारेट शोधून काढली, नाकाशी धरली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तशीच धरून उभा राहिला. मग ती संडासात टाकून त्याने पाणी सोडलं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

इकडे तर्क पिकत होते. संतोषचं म्हणणं, नवस बढतीचा आहे. आणि योगायोग असा की कारखान्यात खरोखरच मयूरला असिस्टंट मॅनेजर केलं. दुसऱ्या सकाळी संतोष टपरीवर सिगारेटचं पाकीट घेऊन उभा. नवस फळला, आता सोडायची हरकत नाही, पहिली माझ्याकडून. त्याने ती पेटवूनसुद्धा पुढे केली. धूर सरळ मयूरच्या नव्या नाकात गेला. नवस बढतीचा नव्हता, एवढंच तो कसंबसं बोलला. संतोषने भुवया उंचावल्या. बढतीपेक्षा मोठा नवस म्हणजे परदेश. सोसायटीत बातमी पसरली की पिंगळे जर्मनीला चालले.

आणि मग लिफ्ट सुरू झाली.

सोसायटीची लिफ्ट एका दिवाळीला बंद पडली होती ती दुसरी दिवाळी उलटून गेली तरी बंदच होती. आधी भाग मिळेना, भाग मिळाला तर मेकॅनिक मिळेना, मेकॅनिक आला तर परवानगीचा कागद कुठल्याशा कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. झुंबररावांच्या चेअरमनकीला हा एवढाच डाग होता. तो कागद अचानक सही होऊन आला, लिफ्ट वर गेली, खाली आली, आणि झुंबररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मयूर राहतो पाचव्या मजल्यावर. मयूरची आई गुडघ्यांनी अधू. नवस लिफ्टचाच होता, दुसरा कशाचा असणार?

झुंबरराव विचारून काम करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पार्किंगमध्ये सत्यनारायण घातला, मांडव टाकला, माइक आणला आणि इगतपुरीला फोन करून ललिताबाईंनाही बोलावून घेतलं. मयूरला एवढंच कळवलं की पूजा आहे, नवीन शर्ट घालून ये.

पूजा झाली. आरती झाली. झुंबररावांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की सोसायटीत आज लिफ्ट चालते ती आपल्यातल्या एका माणसाच्या त्यागामुळे. मयूरला पुढे बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला. मग त्यांनी गेणूला खूण केली. गेणू धुतलेला सदरा घालून आला होता. त्याच्या हातात स्टीलचं ताट होतं, ताटात विड्याचं पान, पानावर सुपारी आणि सुपारीशेजारी मयूरच्या ब्रँडची एक सिगारेट.

"घे," झुंबरराव म्हणाले. "गडावरच्या आईनं मोकळं केलं तुला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन महिने पुरे व्हायला आता थोडेच दिवस उरले होते. मयूरने ताटाकडे पाहिलं आणि त्याचा हात खरोखरच उचलला गेला. एकच तर, आणि तीही देवाच्या ताटातली. तेवढ्यात त्याला बायकांच्या बाजूला बसलेली निकिता दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. हात मागे घेऊन तो माइकजवळ पुटपुटला, "नवस लिफ्टचा नव्हता हो."

झुंबररावांचा चेहरा पडला. मग कशाचा, असं पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत विचारलं गेलं, आणि उत्तर द्यायला ललिताबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सावरला, डोळ्यांना लावला आणि सांगून टाकलं की आईच्या नजरेपासून काही लपत नाही. सुनेला दिवस जात नाहीत म्हणून पोराने सिगारेट सोडली. स्वतःत काही खोट नसताना बायकोसाठी एवढं करणारा नवरा हल्ली कुठे मिळतो?

बायकांमध्ये हळहळ पसरली. कुणी निकिताच्या पाठीवर हात फिरवला. कुणी मयूरकडे बघून कौतुकाने मान हलवली. एकीने त्र्यंबकेश्वरकडच्या कुठल्याशा वैद्याचा पत्ता सांगायला सुरुवात केली. निकिता हातातल्या द्रोणातला शिरा बोटाने उगाच गोळा करत होती. तिने मयूरकडे पाहिलंही नाही, आणि तिने पाहिलं नाही हेच त्याला सहन झालं नाही. चार वर्षं ती असंच कशाकडे तरी बघत बसली होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. रिपोर्ट वाचला तेव्हाही इतकी वाटली नव्हती.

त्याने झुंबररावांच्या हातातला माइक घेऊन तोंडाजवळ नेला. "नवस वगैरे काही नाहीये. निकिताच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. खोट माझ्यात आहे. माझा रिपोर्ट खराब आलाय, सिगारेटमुळे, आणि डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितलीय."

माइक चांगला होता. शेजारच्या सोसायटीच्या गॅलरीतली माणसंही वाकून बघायला लागली. पार्किंगमध्ये दुरुस्त झालेल्या लिफ्टचं दार उघडं राहिलं होतं, आणि आतली रेकॉर्ड केलेली बाई हिंदीत दरवाजा बंद करायची विनंती करत राहिली. शेवटी गुरुजींनी प्रसंगावधान राखून प्रसाद घ्या म्हणून सांगितलं, आणि लोक घाईघाईने प्रसादाच्या रांगेत लागले. मयूर शाल पांघरून, नारळ धरून तिथेच उभा राहिला. गेणूने हळूच ताट मागे घेतलं.

ललिताबाई प्रसादाच्या रांगेत गेल्या नाहीत. त्या उठल्या, गुडघ्यांना हात लावत निकिताजवळ जाऊन बसल्या.

"चार वर्षं मी भलत्याच ताटात वाढत होते," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं पोरी."

निकिताने त्यांच्या हातात शिऱ्याचा द्रोण दिला. दोघींनी त्यातलाच खाल्ला. एवढ्यावर मयूरची सुटका झाली असती, पण ललिताबाई काही वाया घालवणाऱ्या बाई नव्हत्या. त्याच संध्याकाळी शतावरी सोडून सगळे डबे निकिताच्या कपाटातून मयूरच्या टेबलावर आले. लाडू मयूरला, काढा मयूरला. वर हेही सांगण्यात आलं की देवीच्या नावाने खोटं बोललास, आता तोच नवस खरा कर आणि जन्मभर पाळ. उपास मात्र निकिताने हसत हसत माफ केला.

दुसऱ्या सकाळी टपरीवर जायला मयूरचे पाय उचलत नव्हते. तिथे झुंबरराव एकटेच बसले होते, आणि त्यांच्या हातात विडी नव्हती. त्यांनी मयूरला शेजारी बसवून घेतलं.

"आमाला नऊ वर्सांनी पोरगी झाली," ते म्हणाले. "तवर आमच्या हिनं लय सोसलं. गावात कोणी कायबी बोलायचं. मी बाहेर ओट्यावर विड्या ओढत बसायचो. मला कोणी सांगितलंच नाय रे."

मयूरने गेणूला दोन चहा सांगितले आणि दोघांनी ते नुसतेच प्यायले. उठताना झुंबररावांनी डोळे पुसले आणि पुढची तपासणी कधी, किती वाजता आणि कोणत्या रस्त्याने, याची तपशीलवार चौकशी केली. मयूरने सगळं सांगून टाकलं. आता लपवायला उरलं काय होतं?

तपासणीच्या सकाळी डबी शर्टात ठेवून मयूर निकिताबरोबर खाली उतरला, तर पार्किंगमध्ये झुंबरराव स्कूटर सुरू करून तयार. संतोष आधीच बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभा होता आणि कुठली रांग पुढे सरकतेय ते फोनवर कळवत होता. निकिता स्कूटी चालवायला बसली, मयूर मागे पोट धरून. झुंबररावांनी पुढे राहून हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. बोगद्यात टेम्पोवाला वाट देईना, तेव्हा ते स्कूटरवरच अर्धे उभे राहिले आणि मागे पेशंट आहे, बाजूला घे, म्हणून ओरडले. टेम्पोवाल्याने वळून पेशंट पाहिला. पेशंटच्या गालावर लाडवाचं तेज होतं. तरीही त्याने भिंतीला चिकटून वाट दिली. लॅबच्या बाईंनी डबी घेतली, घड्याळ पाहिलं आणि प्रथमच हसल्या.

रिपोर्ट घ्यायला दोघं गेली तेव्हा मयूरने निकिताचा हात धरला होता, आणि तो त्याने दवाखान्याच्या दारातही सोडला नाही. डॉक्टर प्रतिभाबाईंनी चष्मा काढला नाही, हे त्याला शुभ वाटलं. संख्या वाढली होती. चाल सुधारली होती. आकाराचं अजून थोडं बाकी होतं, पण आहे ते चालण्यासारखं होतं. पुढचं आता तुमच्या हातात, घाई करू नका आणि सिगारेटकडे वळूही नका, असं बाई म्हणाल्या. रक्ताच्या नळ्यांबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा मयूरच्या आधी निकिताच म्हणाली, की गादी चांगली आहे. बाईंना काही कळलं नाही. मयूर कानापर्यंत लाल झाला आणि मनातल्या मनात खूष झाला.

बाहेर झुंबरराव पायरीवर बसले होते. पास का, एवढंच त्यांनी विचारलं. मयूर पास म्हणाला. झुंबररावांनी खिशातून फोन काढला, चष्मा नाकावर ओढला आणि मयूर त्यांना अडवायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर, पाण्याच्या टँकरच्या वेळेखाली आणि लिफ्टमध्ये सायकल नेऊ नये या सूचनेखाली, टाकून दिलं: 'मयूर पिंगळे यांचा रिपोर्ट पास.'

तीन महिन्यांपूर्वी मयूरने यापायी सोसायटी सोडली असती. आता तो दवाखान्याच्या पायरीवर बसून ग्रुपवर येणारे अंगठे आणि हात जोडलेली चित्रं बघत राहिला. ललिताबाईंनी इगतपुरीहून देवीचा फोटो पाठवला. आणि मग संतोषचा निरोप आला. नवसाचे सगळ्यात जास्त तर्क लढवणारा, पेटवलेली सिगारेट पुढे करणारा संतोष.

'डॉक्टरांचा नंबर मिळेल का?'

त्याच्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने लिहिलं, 'मलाही.' मग मागच्या विंगेतला एक जण, ज्याची बायकोही लिफ्टशेजारी उभी राहून सल्ले ऐकायची, त्यानेही लिहिलं, 'मला पण.'

मयूरने फोन निकिताकडे दिला. तिने पायरीवर बसूनच नंबर टाइप केला, दोनदा तपासला आणि पाठवून दिला. मग ती म्हणाली की घरी जाताना गेणूकडे थांबू या, तिला चहा हवा आहे.